पेटलेलं पाणी आणि दोन विहिणी

डोंबिवली (पूर्व),
२१ सप्टेंबर २०२४

सौ. काशीबाई चोगले, मुरुड, यांना वृंदा पेठेचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेला सुका जवळा पोचला. मला पोचला, समोरच्या जोशीवहिनींना पोचला आणि तिसऱ्या मजल्यावर पारायणाला बसलेल्या मंडळींनाही पोचला. आमच्या घरात मासळी शिजत नाही हे लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. पण आईच्या मायेपुढे आमच्या नाकाला कोण विचारतो? आरोहीने खिडक्या उघडून तो भाजला आणि माझ्या शुभमने, ज्याला लहानपणी कांद्याचाही वास सोसत नसे, दोनदा मागून घेतला.

पत्र का, असं वाटलं असेल. लग्नात तुम्ही मला नेसवलेल्या त्या पोपटी साडीवरून आपण दोघी एकाच दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. फोन केला तर दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. पत्रात निदान समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

आता मुद्द्याचं. गणपतीत मुलं तुमच्याकडे येऊन गेली ती डोक्यात वारं भरून परतली. व्याह्यांनी शुभमला सांगितलं म्हणे, की काही रात्री मुरुडचं पाणी निळं पेटतं, हात घातला की हात उजळतो. झालं! व्याह्यांचे गुडघे गेल्यापासून वाळूत पडून असलेली होडी आता रंगवायची, तिच्यात शहरातली माणसं भरायची आणि रात्री त्यांना त्या चमचमत्या पाण्यात पोहायला सोडायचं. नावही ठरलंय, ‘तारकास्नान’. दिवाळीपर्यंत दोन फेऱ्या करून बघणार. लोकांना आवडलं, तर माझा मुलगा आणि तुमची मुलगी दोघंही चांगल्या नोकऱ्या सोडून मुरुडला राहायला येणार.

काशीबाई, मे महिन्यात लग्न झालं तेव्हा मी सून आणली अशा समजुतीत होते. मुलगा दिला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरजावईच हवा होता तर सरळ म्हणायचं होतं, तुमच्या मानाच्या साडीबरोबर मी त्याचीही घडी घालून दिली असती.

मी मात्र आडकाठी करणार नाही. मी आजच्या काळाची आई आहे. ‘तुमच्या मनासारखं करा’ असं मी मुलांना अगदी हसून सांगितलं. हसताना जबडा दुखला, ते वयामुळे असेल.

तुमची विहीण,
वृंदा


मुरुड कोळीवाडा,
२८ सप्टेंबर

विहीणबाईंना काशीचा नमस्कार.

ऐन पितृपक्षात तुमचं पत्र आलं. जाड पाकीट बघून आम्हाला वाटलं, कोर्टाची नोटीस आली. वाचून झाल्यावर वाटलं, नोटीस बरी.

घरजावयाचं काय काढलंत! आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी. जावई ठेवायचा कुठं, जाळ्यांच्या ढिगावर? उलट मलाच वेगळा वास येतो, आणि तो जवळ्याचा नाही. लग्नाला सहा महिने व्हायच्या आत सून तुम्हाला घरात अडचण वाटायला लागली. हाकलायचं तर नाव वाईट होतं, म्हणून ‘तुमच्या मनासारखं करा’. वा! आम्ही मासळी विकतो विहीणबाई, शिळं काय आणि ताजं काय ते डोळ्यांवरून कळतं आम्हाला.

आणि त्या पाण्याचं कौतुक तरी किती! आमचे हे रात्री अर्ध्यातून परत येऊन दारात म्हणायचे, “काशे, पानी पेटलाय,” की मी टोपली पालथी घालायची. अशा रात्री पाण्यात जाळं टाकलं की त्याचा दोर न् दोर उजळतो, मासळीला दिसतो, आणि ती शहाणी लांब जाते. पेटलेलं पाणी म्हणजे सकाळी बाजार नाही, एवढाच अर्थ मला माहीत. आता त्याच पाण्यात उतरायला माणसं तिकीट काढणार. उद्या माझी पालथी टोपली बघायलाही या म्हणावं.

मी स्वतः ते पाणी कधी बघितलेलं नाही. आमच्या घराण्यात बायका होडीत पाय ठेवत नाहीत. पुरुष समुद्रात आणि बायका बाजारात, अशी वाटणी. आरोहीला तर मी सातवीपासून अलिबागला बहिणीकडे शिकायला ठेवली. होडी कुठल्या लाकडाची असते हेसुद्धा तिला ठाऊक नाही, आणि ती आता मुरुडला होडी चालवायला शिकणार!

पण मीही आड येणार नाही हो. मी तर त्यांना मुहूर्तसुद्धा काढून दिला. पहिली फेरी कोजागिरीला. जावई म्हणाले, “आई, इंटरनेटवर तर अंधाऱ्या रात्री जा असं लिहिलंय.” मी म्हटलं, “बाबा, इंटरनेटच्या दारात समुद्र आहे का? आमच्या इथं पौर्णिमेच्या उधाणाबरोबर पाणी पेटतं.” आमचे हे मध्येच काहीतरी बोलायला लागले, तेव्हा मी त्यांना चहा दिला.

मसाला दूध मी स्वतः आटवणार आहे. लेकीच्या धंद्यात कसूर नको.

काशी


डोंबिवली,
१९ ऑक्टोबर

काशीबाईंना नमस्कार.

कोजागिरीचा वृत्तान्त मुलांकडून कळला. तुम्ही किनाऱ्यावर दूध ढवळत होतात, तेव्हा होडीत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

चंद्र असा लख्ख होता म्हणे, की समुद्रावर बसून पेपर वाचावा. पाहुण्यांनी पाण्यात हात घातले, पाय घातले, एकाने तर डोकं घातलं. पाणी आपलं पाण्यासारखं. ठाण्याच्या एक बाई ‘चमकलं, चमकलं’ म्हणून ओरडल्या, ते शेजारच्या गृहस्थांचं टक्कल निघालं. दुसऱ्या एकाने शुभमला अगदी सौम्यपणे विचारलं, “लाइट कधी लावणार?” माघारी आल्यावर सगळ्यांनी दूध दोन-दोन पेले प्यायलं. एकाने मोबाईलवर अभिप्रायही लिहिला: दूध उत्तम, समुद्र साधारण.

शुभमचा चेहरा एवढासा झालाय. आरोही रात्री जेवली नाही. मला अर्थातच फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की मी शिरा केला.

तुमचं मात्र नवल वाटतं. जन्म समुद्राच्या काठी गेला आणि चांदण्यात हे पाणी दिसत नाही एवढं तुम्हाला ठाऊक नसावं? असो. माणसाकडून चूक होते, आणि मोठ्या माणसाकडून मोठी होते.

तर मुलांना धीर द्यायला मीच दुसरा मुहूर्त सुचवला आहे: लक्ष्मीपूजन, १ नोव्हेंबरची रात्र. नाहीतरी पहिला दिवाळसण, म्हणजे मुलं तुमच्याकडेच असणार. शुभम आनंदाने पायाच पडला माझ्या. ही शेवटची फेरी, आई, म्हणाला, हीसुद्धा फसली तर नोकरी सोडायचा विचार सोडतो. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये.

आणि हो, मीही येते आहे. मुलाच्या दिवाळसणाला त्याच्या आईने यायची रीत नाही हे मला माहीत आहे. पण ती पोपटी साडी नेसायला एवढ्या महिन्यांत योग्य प्रसंग मिळाला नव्हता. अमावास्येच्या काळोखात ती शोभेल.

वृंदा


मुरुड,
२४ ऑक्टोबर

विहीणबाई,

अमावास्या? एवढ्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होतात तुम्ही, आणि पोरांना नव्या कामाला अमावास्या काढून दिलीत? लक्ष्मीपूजनाच्या रात्री लक्ष्मी घरात येते, तेव्हा घरातल्यांनी समुद्रावर जायचं? अवसेला नवं काम कुणी काढतं का? चार माणसांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही आम्हाला.

त्यापेक्षा त्रिपुरी पौर्णिमा बघा. काय सुरेख दिवस! देवळात दिवे, वर चांदणं. कोजागिरीला पाणी पेटलं नाही कारण उधाण जरा कमी पडलं. पुढच्या पौर्णिमेला नक्की. मी पुन्हा दूध आटवीन.

तुम्ही यायचं म्हणता, तर या. जावयाबरोबर त्याची आई दिवाळसणाला आली असं मुरुडात आधी घडलेलं नाही, निदान बायकांना दिवाळीभर बोलायला विषय होईल. तुमच्यासाठी वेगळी भांडी काढून ठेवते. फराळाच्या डब्याला मासळीचा हात लागणार नाही. हात माझाच आहे, तेव्हा वासाची हमी देत नाही.

पण तारीख बदला. हात जोडून सांगते.

काशी


डोंबिवली,
२८ ऑक्टोबर

काशीबाई,

अंधश्रद्धेला माझ्या घरात थारा नाही. अमावास्या हा पंचांगातला एक दिवस आहे, त्याला शिंगं नसतात. तुम्ही इतक्या कळवळून नको म्हणता आहात की माझी खात्रीच पटली, मुहूर्त अगदी बिनचूक आहे.

बुधवारी एसटीने निघतो. लसूण चालतो मला.

वृंदा


डोंबिवली,
६ नोव्हेंबर

प्रिय काशीबाई,

‘प्रिय’ वाचून दचकू नका. सवय नाही, पण बघते लिहून.

तुमच्या घरी चार दिवस पाहुणचार घेतला. मुरुडच्या बायकांना विषय पुरवला. तुमच्या पडवीत बसून मी पहिल्यांदा पापलेटाचं नाव पापलेटासमोर घेतलं. पण त्या रात्रीबद्दल तिथे बोलता आलं नाही. समोरासमोर आपण दोघी खरं बोलत नाही, फक्त चकल्या कशा झाल्यात ते विचारतो.

आधी माझं सांगते. अमावास्या मी मुलांच्या भल्यासाठी सुचवली नव्हती. लक्ष्मीपूजनाला कोण घर सोडून येतं? आणि अवसेला नव्या धंद्यात पाय कोण ठेवतं? होडी रिकामी जाईल, शुभमचं वेड उतरेल आणि तो डोंबिवलीला राहील, एवढाच माझा हिशेब होता. अंधश्रद्धा माझ्या घरात नाही, पण दुसऱ्यांच्या घरात ती असणारच, असा माझा गाढ विश्वास!

होडी भरली. फटाक्यांना कंटाळलेली माणसं, कुत्री-मांजरं पाळणारी माणसं, नातेवाईकांना टाळणारी माणसं. मी वल्ह्याशेजारी पोपटी साडी नेसून बसले होते आणि मोजलीसुद्धा नाहीत ती. जिथे इंजिन बंद केलं तिथे काळोख इतका होता की शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागत होता. मग आरोहीने पाण्यात हात घातला.

काशीबाई, त्या पोरीचा हात दिसला. फक्त हात. निळा, बोटं सुटी सुटी दिसणारा.  मग एकेक जण उतरला आणि जो उतरला तो उजळला. ठाण्याच्या त्या बाई पुन्हा आल्या होत्या. या खेपेला त्या ओरडल्या नाहीत.

मागे व्याही सुकाणूपाशी बसून हसत होते. मी विचारलं, का हसता? ते सगळ्यांदेखत म्हणाले, “इन्बाई, चांदन्यात पानी दिसत न्हाय ह्ये काशीला लगीन झाल्यापास्नं ठाव हाय. मी बोलाया गेलो तर च्या दिला मला. लय गोड च्या व्हता.” आणि पुन्हा हसले. त्यांना वाटलं, गंमत सांगतोय. आरोही पाण्यात हात धरून होती, ती तशीच राहिली. शुभमने तिच्याकडे बघितलं. तीही हसली, पण ते हसू मला ओळखीचं वाटलं. मी हसते तसं होतं.

त्यानंतर मी आरोहीचे कपडे आणि ते फुगीर जाकीट घालून पाण्यात उतरले. मी निवृत्तीनंतर तरण तलावात पोहायला शिकले आहे, क्लोरीनच्या पाण्यात, बायकांच्या वेळेत. मला वाटलं, पाच मिनिटांत वर येऊ. वर यावंसंच वाटेना. हात हलवला की उजेड, पाय हलवला की उजेड. आमचे हे गेल्यापासून सहा वर्षांत मी काही हलवलं आणि त्याने काही झालं, असं मला वाटलेलं नव्हतं. रडले मी. खाऱ्या पाण्यात ते कळत नाही, ही एक सोय आहे.

आता शुभमने राजीनामा दिला. आरोही पाडव्यापासून तिकडेच आहे. माझ्या मुहूर्तानेच माझं घर रिकामं केलं. तुम्ही पाडायला गेलात तर ते पडलं, मी पाडायला गेले तर ते उभं राहिलं. मुख्याध्यापिका होते, पण नापास व्हायचं मला नीट जमत नाही.

मला एकच कळत नाही. लेक नजरेसमोर येत होती, जावई पायाशी येत होता, मग तुम्ही तो खोटा मुहूर्त का दिलात? आणि दुसरं. ‘पूजा आटपली की झोपते’ म्हणाला होतात. होडी परत आली तेव्हा तुम्ही हातात बॅटरी घेऊन पाण्यात उभ्या होतात. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. मी विचारलं तर म्हणालात, घरात डास फार झालेत.

कुठले डास, काशीबाई?

वृंदा


मुरुड,
१३ नोव्हेंबर

विहीणबाई,

डास नव्हते.

तुमचं पत्र चुलीशी बसून वाचलं, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तर धुराचं नाव घेता येईल. तुम्ही खरं लिहिलंत, तर मलाही लिहायला हवं. खरं पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा वळण वाकडं झालं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला वाटलं मला लेक परत हवी. मला लेक परत नको होती. म्हणजे नजरेसमोर हवी, पण पाण्यावर नको. आरोही कडेवर होती, तेव्हा एकदा मोठं वादळ झालं. यांची होडी आली नाही. दोन रात्री आम्ही सगळ्या बायका किनाऱ्यावर.  एखादी होडी दिसली की सगळ्या पुढं धावायच्या आणि ती कुणाची ते कळलं की एक घरी जायची, बाकीच्या पुन्हा उभ्या. आमचे हे सगळ्यात शेवटी आले. मी त्यांना मिठी मारायच्या आधी चार शिव्या दिल्या. आणि तिथंच, ओल्या वाळूत, कडेवरच्या पोरीला म्हटलं, तुझी वाट मी इथं उभी राहून बघणार नाही.

म्हणून अलिबाग, म्हणून कॉलेज, म्हणून डोंबिवली. तुमच्या शुभमचं स्थळ आलं तेव्हा मला काय आवडलं सांगू? त्याचं शिक्षण नाही, तुमचा फ्लॅट नाही. तो म्हणाला, समुद्र फक्त सुट्टीत बघतो. मी मनात म्हटलं, हाच जावई. आता बघा!

नवऱ्याची वाट बघायला मी शिकले. तेवीस वर्षं जिला होडीपासून लांब ठेवली, त्या पोरीची वाट बघणं मला जमत नाही. आता ती आठवड्यातून तीनदा, चंद्र मावळला की अंधारात होडी काढते, सुकाणू धरायला बापाकडून शिकली. मी तीनदा पाण्यात उभी राहते. म्हणजे समुद्रात न जाताही मी दर खेपेला निम्मी भिजते.

आणि ती माझ्याशी बोलत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी पक्की आहे. ती नीट वागते. “जेवायला वाढू?” “हो.” “अजून भात?” “नको.” मी तिला खोटं सांगितलं यापेक्षा तिला हे लागलं, की कोजागिरीला ती होडीत शरमेने मान खाली घालून बसली होती आणि मी किनाऱ्यावर दुधात बदाम टाकत होते. बरोबर आहे तिचं. मी तरी तेच धरून बसले असते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. तुम्ही मला जावई पळवणारी समजलात, मी तुम्हाला सून हाकलणारी. हवं होतं दोघींना एकच. पहिल्याच पत्रात सरळ लिहिलं असतं, तर दोघींनी मिळून त्यांना डोंबिवलीला बांधून ठेवलं असतं. टोमणे मारायच्या नादात कामच राहिलं. आपण दोघी भारीच हुशार.

काशी


डोंबिवली,
२४ नोव्हेंबर

प्रिय काशीबाई,

शुभम परवा सामान घेऊन निघाला, पोचला असेलच. जाताना तीनदा म्हणाला, आई, तूही चल. मी तीनदा म्हटलं, बघू. घरात आता एवढी शांतता आहे की फ्रिज बोलायला लागला की मी उत्तर देते.

काल डब्याच्या तळाशी मूठभर जवळा सापडला. खिडक्या लावल्या आणि भाजला. खाल्ला नाही, मी काही इतकी बिघडलेली नाही. नुसता घरभर वास येऊ दिला. जोशीवहिनींनी बेल वाजवली तेव्हा दार उघडलंच नाही.

आता कामाचं. तुम्हाला सल्ला देण्याइतकं माझं तुमच्याशी पटत नाही, म्हणून सल्ला देत नाही. १ डिसेंबरला अमावास्या आहे. माझा मुहूर्त एकदा लागला आहे, पुन्हा लागेल. त्या रात्रीच्या होडीत मी एक जागा राखून ठेवली आहे. नाव लिहिलंय, काशी चोगले. पोपटी साडीची परतफेड समजा.

ज्या बाईला किनाऱ्यावर उभं राहून वाट बघवत नाही, तिने किनाऱ्यावर उभं राहू नये. एवढं तर माझ्यासारख्या नापास बाईलाही कळतं.

आणि हो, पौर्णिमेपर्यंत थांबते म्हणू नका. मला चहा लागत नाही.

वृंदा


मुरुड,
३ डिसेंबर

प्रिय वृंदाताई,

गेले.

हे म्हणाले, “काशे, आमच्या सात पिढ्यांत बाईनं होडीत पाय ठेवला न्हाय.” मी म्हटलं, “तुमची पोरगी ती होडी चालवतेय, ती कोण, पुरुष? आणि विहीणबाई पोपटी साडीत बसल्या त्या कोण?” तेव्हा ते म्हणाले, “व्हय की,” आणि हात धरून मला चढवलं. शेजारच्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. बघू दे. एवढी वर्षं आम्ही सगळ्या समुद्राकडे बघत आलो, आता त्यांनी मला बघावं.

आरोही हातात कागद घेऊन नावं वाचत होती. माझ्या नावापाशी थांबली. तिने वर बघितलं नाही. “काशी चोगले कोण?” मी म्हटलं, “मी.” “जाकीट घाला, ताई. पट्टा घट्ट बांधा.” पोटच्या पोरीने मला ताई म्हटलं, वृंदाताई. जावई बिचारे पाण्याच्या बाटल्या मोजायला लागले. मी गुपचूप पट्टा बांधला. गिऱ्हाईक म्हणून आलेय, तर गिऱ्हाइकासारखं वागायला नको?

ज्यांना पोहता येत नाही त्यांच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं टोक आरोहीच्या हातात, असा तिने नियम केलाय. चांगला नियम आहे, बापाला कधी सुचला नाही. होडीत पोहता न येणारी एकटी मीच. समुद्राच्या काठी जन्म गेला असं तुम्ही लिहिलंत ना? काठावरच गेला.

शिडीवरून उतरले तेव्हा पाणी बर्फासारखं गार. आणि पेटलं. तुम्ही लिहिलंत तसंच. मी हात वर काढून बघितले. हेच हात, ज्यांना मासळीचा वास आहे म्हणून तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी ते पदरात गुंडाळले होते. बोटाबोटांतून निळं पाणी गळत होतं. याच पाण्याच्या नावाने मी आयुष्यभर टोपली पालथी घातली, आणि ते इतकं देखणं आहे हे मला घरच्या कुणी सांगितलं नाही. यांना विचारलं, तर म्हणतात, “तू कवा इचारलंस?”

बाकीचे पोहत होते, ओरडत होते. मी जाकिटाच्या आधाराने तरंगत हळूहळू पाय मारले. होडी थोडी मागं गेली, थोडी अजून. काळोखात आरोही मला दिसत नव्हती, तिला मात्र मी दिसत असणार, पेटलेली.

मग होडीवरून हाक आली. ताई नाही. “आई! लांब जाऊ नको!”

वृंदाताई, त्या आवाजात भीती होती. माझ्या ओळखीची, मीच इतकी वर्षं वापरून जुनी केलेली. मला इतका आनंद झाला की रडू यायचं राहिलं.

“आई, ऐकतेस ना? माघारी ये!”

मी मुद्दाम आणखी थोडी लांब गेले, दोर ताठ होईपर्यंत. पलीकडून तिने तो दोन्ही हातांनी धरला होता, मला कमरेत कळत होतं. कळू दे जरा तिलाही, वाट बघणं काय असतं ते.

तुमची,
काशी